दोन माणसांचा एक सिंह

सिंहाने जबडा उघडला की आईच्या कडेवरचं मूल क्षणभर श्वास रोखतं आणि मग भोकाड पसरतं. आई मागे सरत नाही. उलट ती मुलाला आणखी पुढे करते, त्याचं डोकं त्या लाल-सोनेरी जबड्यात नीट जाईल असं धरते. लाकडावर लाकूड आपटल्याचा ‘कट्’ असा आवाज होतो, दात केसांना जेमतेम शिवतात आणि शेजारी उभी असलेली आजी समाधानाने मान डोलावते. सिंह चावला. आता वर्षभर पोराला दुखणं-खुपणं नाही.

सिंहाच्या या नाचाला जपानात ‘शिशिमाइ’ म्हणतात. ‘शिशि’ म्हणजे सिंह आणि ‘माइ’ म्हणजे नृत्य. नववर्षाच्या दिवसांत, वसंतात शेतीची कामं सुरू होताना आणि शरदात भाताची कापणी झाल्यावर गावोगावच्या शिंतो देवळांच्या अंगणात हा सिंह नाचतो. ही देवळं बहुतेक वेळा लहानशीच असतात. दोन खांबांवर आडव्या तुळया टाकलेली ‘तोरी’ नावाची कमान, शेवाळलेल्या दगडी पायऱ्या, सुगी वृक्षांची गर्द सावली आणि टोकाला लाकडी देऊळ. गावाचा राखणदार देव तिथे वसतो. त्याला ‘उजिगामी’ म्हणतात आणि गावकरी म्हणजे त्याची ‘उजिको’, देवाची लेकरं. आपल्याकडच्या वाचकाला ग्रामदैवत म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं, त्याच्या अगदी जवळचं हे नातं आहे. सिंह आधी या देवापुढे नाचतो आणि मग देवाच्या वतीने घरोघर फिरतो. डोक्याला चावण्यात शब्दांचा खेळही दडलेला आहे. जपानीत ‘कामित्सुकु’ म्हणजे चावणं. तोच शब्द तोडून म्हटला तर होतो ‘कामि त्सुकु’, देव अंगी लागला. म्हणून मूल रडलं तरी आई हटत नाही.

गंमत अशी की जपानच्या रानात सिंह नाही. ज्या गावांत हा नाच शेकडो वर्षं चालत आला, तिथल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी जिवंत सिंह कधी पाहिलेला नव्हता. कोल्हा, अस्वल, हरिण, रानडुक्कर हे त्यांच्या ओळखीचे प्राणी. तरीही गाव राखायचं काम त्यांनी न पाहिलेल्या जनावराकडे सोपवलं. हे जनावर तिथवर पोहोचलं कसं, ते सांगायचं तर सुरुवात भारतापासून करावी लागते.

बौद्ध परंपरेने बुद्धाला ‘शाक्यसिंह’ म्हटलं. त्याचा उपदेश म्हणजे सिंहनाद, त्याचं आसन म्हणजे सिंहासन. हे शब्द चिनी लिपीतून जपानला गेले आणि आजही तिथल्या भाषेत आहेत. सिंहनादाला ‘शिशिकु’ म्हणतात आणि बुद्धाच्या आसनाला ‘शिशिझा’. प्रज्ञेचा बोधिसत्त्व मंजुश्री सिंहावर बसतो. जपानी लोक त्याला ‘मोंजु’ म्हणून ओळखतात आणि परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी त्याच्या पाया पडतात. सिंह असा धर्माबरोबर, मूर्तींच्या पायाशी बसून, मध्य आशिया, चीन आणि कोरिया ओलांडत पूर्वेला गेला. वाटेत ज्यांनी ज्यांनी त्याला घडवलं त्यांतल्या फार थोड्यांनी खरा सिंह पाहिला असेल. म्हणून त्याची आयाळ कुरळ्या वेटोळ्यांची झाली, डोळे बटबटीत झाले, नाक पसरट झालं आणि चेहऱ्यावर माणसाचे भाव आले.

नाच म्हणून त्याच्या येण्याची नोंद मात्र थेट सापडते. ‘निहोन शोकी’ या आठव्या शतकातल्या इतिहासग्रंथात सांगितलं आहे, की सम्राज्ञी सुइकोच्या कारकिर्दीत, इ.स. ६१२ मध्ये, कोरियातल्या बेक्जे राज्याहून मिमाजी नावाचा एक माणूस आला. ‘गिगाकु’ हा मुखवट्यांचा नाच त्याने चीनमधल्या वू प्रांतात शिकलेला होता. त्याला साकुराई इथे ठेवून त्याच्याकडून मुलांना नाच शिकवण्यात आला. गिगाकु हे मिरवणूक आणि मूकनाट्य यांचं मिश्रण. पुढे लांब नाकाचा ‘चिदो’ वाट मोकळी करत चालायचा, त्याच्या पाठोपाठ सिंह आणि सिंहाला सांभाळणारी मुलं. मागून येणाऱ्या पात्रांत ‘कारुरा’ म्हणजे आपला गरुड होता, ‘बारामोन’ म्हणजे ब्राह्मण होता, दारू प्यायलेला पारशीक राजा होता. १२३३ मध्ये लिहिलेल्या ‘क्योकुन्शो’ या संगीतग्रंथात बारामोनचा प्रवेश दिला आहे. तो ब्राह्मण मंचावर बाळाची दुपटी धूत बसतो. एवढ्या दूरच्या देशात ब्राह्मणाचं सोंग आलं आणि ते धुणं धुताना लोकांना हसवत राहिलं, हे वाचून मला त्या प्रवासाची लांबी पहिल्यांदा खरी वाटली.

या सगळ्या सोंगांचा मोठा दिवस म्हणजे इ.स. ७५२ चा. नारा इथल्या टोडाइजी मंदिरात कांस्याचा महाबुद्ध उभा राहिला होता आणि त्याचे डोळे रंगवून त्याच्यात प्राण आणायचा होता. हा मान मिळाला भारतातून आलेल्या भिक्षू बोधिसेनाला. तो ७३६ मध्ये जपानात पोहोचला होता. त्याने हातात धरलेल्या कुंचल्याला लांबच लांब दोर बांधले होते आणि जमलेल्या लोकांनी ते दोर धरले होते, म्हणजे बुद्धाचे डोळे उघडण्याच्या कामात सगळ्यांचा हात लागावा. त्या सोहळ्यात गिगाकु नाचलं गेलं. तिथे वापरलेले लाकडी मुखवटे, सिंहाची मुंडकीसुद्धा, टोडाइजीच्या शोसोइन या भांडारात आजही जपलेली आहेत. तो कुंचला आणि दोरही आहेत. बाराशे बहात्तरहून अधिक वर्षांपूर्वी एका भारतीय माणसासमोर नाचलेला तो सिंह.

पुढे गिगाकु मागे पडलं. गरुड गेला, ब्राह्मण गेला, मद्यपी राजा गेला. सिंह तेवढा राहिला, कारण मोठ्या मंदिरांच्या आवारातून निघून तो खेड्यांत शिरला होता आणि खेड्यांना त्याचं काम होतं. रोगराई हाकलायची, आग टाळायची, पीक राखायचं. नोह नाट्यात ‘शाक्क्यो’ नावाच्या नाटकात मंजुश्रीचा सिंह पिओनीच्या फुलांत खेळताना दिसतो. काबुकीने त्यावरूनच लांब पांढऱ्या आणि तांबड्या केसांचे सिंह रंगभूमीवर आणले. १८९३ मध्ये नववा इचिकावा दान्जुरो याने ‘कागामिजिशि’ पहिल्यांदा नाचला. ती मोठ्या रंगमंचाची कहाणी आहे आणि तिच्यावर पुस्तकं आहेत. इथे आपल्याला देवळाच्या अंगणातच राहायचं आहे.

अंगणातले सिंहही एका जातीचे नाहीत. टोकियोच्या आसपासच्या कान्तो भागात एकेक माणूस एकेक सिंह होतो. डोक्यावर मुंडकं, पोटाशी लहान ढोल, आणि असे तिघे मिळून नाचतात. ईशान्येकडच्या इवाते आणि मियागीच्या काही भागांत सिंहाच्या जागी हरिण येतं. जुन्या जपानीत ‘शिशि’ हा शब्द शिकारीच्या जनावरालाही लावत, हरिणालाही आणि रानडुकरालाही. त्यामुळे परदेशी सिंह आणि रानातलं हरिण या भागात एकमेकांत मिसळून गेले. पण गिगाकुतून थेट उतरलेला सिंह दोन माणसांचा असतो. एक डोकं धरतो, दुसरा कमरेत वाकून मागचे पाय होतो. या प्रकरणाचा नायक तो.

आधी त्याचं डोकं हातात घेऊन पाहू.

ते बहुतेक वेळा किरी नावाच्या झाडाच्या लाकडातून कोरतात. जपानी लाकडांमध्ये किरी अतिशय हलकं आहे. दागिने आणि किमोनो ठेवायच्या पेट्याही त्याच्याच करतात, कारण ते दमट हवेत फारसं वाकत-फुगत नाही. दिवसभर डोक्याच्या उंचीवर धरून नाचवायचं म्हटल्यावर वजनाला फार महत्त्व येतं. कवटीचा वरचा भाग आणि खालचा जबडा वेगवेगळे कोरून खुंटीने जोडतात. आत पकडायला आडवी दांडी असते. वरून उरुशी झाडाच्या चिकापासून केलेल्या लाखेचे थरावर थर चढवतात, बहुधा लाल किंवा काळे, आणि डोळ्यांवर, दातांवर सोन्याचा वर्ख. आयाळीला घोड्याचे केस. नाचणारा बाहेर पाहतो तो सिंहाच्या तोंडातून. म्हणजे जबडा मिटला की त्याला अंधार आणि उघडला की उजेड. सिंहाने मुलाचं डोकं तोंडात घेतलं की आतला माणूस त्या मुलाचा रडवेला चेहरा अगदी हातभर अंतरावरून पाहत असतो.

जपान समुद्राच्या बाजूला इशिकावा जिल्ह्यात हाकुसान पर्वताच्या पायथ्याशी त्सुरुगी नावाचं गाव आहे आणि शेजारच्या टोयामा जिल्ह्यात इनामी. सिंहाच्या डोक्यांचे कारागीर दोन्हीकडे आहेत. इनामीत १३९० साली स्थापन झालेलं झुइसेनजी हे बौद्ध मंदिर आहे. आगीत जळालेल्या या मंदिराच्या पुन्हा उभारणीसाठी अठराव्या शतकात क्योटोहून कोरीवकाम करणारा कलावंत आला. त्याच्याकडून स्थानिक सुतार शिकले आणि सगळं गावच लाकडात कोरू लागलं. आजही तिथल्या रस्त्याने चालताना उघड्या दुकानांतून छिन्नीवर हातोडा पडण्याचा आवाज येत राहतो. कारागीर जमिनीवर मांडी घालून बसतो आणि भोवती छिन्न्यांची रांग. कुठली कधी उचलायची हे त्याच्या हाताला ठाऊक असतं. इशिकावाच्या कागा भागात घरातल्या मुलाच्या नावानेही सिंहाचं डोकं आणून ठेवायची पद्धत आहे. त्याला लाख चढवत नाहीत, लाकडाची शिरच दिसू देतात.

मग अंग. देशभर सर्वांत ओळखीचं अंग म्हणजे हिरव्या कापडावर पांढऱ्या वेटोळ्या वेली. या नक्षीला ‘काराकुसा’ म्हणतात. तीही रेशीममार्गाने पश्चिमेकडून आली. ती वेल कुठेच संपत नाही, म्हणून ती दीर्घायुष्याची खूण. टोयामा आणि इशिकावात अंगाला ‘काया’ म्हणतात. काया म्हणजे मच्छरदाणी. नाव ऐकून मी थबकलो होतो, कारण आपल्या ‘काये’शी त्याचा काही संबंध नसताना अर्थ किती चपखल बसतो! या भागात एका कायेखाली दोन माणसं नसतात, चार-पाच ते त्याहूनही कितीतरी जास्त असतात. आत वाकवलेल्या बांबूच्या कमानी घालून पाठ फुगवतात. लोक त्याला ‘मुकादे-जिशि’ म्हणतात, गोमेचा सिंह.

कापडाखाली काय चालतं ते बाहेर दिसत नाही. पुढच्याने डोकं डावीकडे झटकलं की मागच्याने उजवा पाय कधी टाकायचा, सिंह उडी मारणार की बसणार, हे मागच्याला कसं कळतं? त्याला समोर फक्त पुढच्याची पाठ आणि पाय दिसतात. बोलायची सोय नाही. बाहेर बासरी, ढोल आणि झांजा इतक्या जोरात वाजत असतात की बोललेलं ऐकूही जाणार नाही. जपानी लोक याचं उत्तर एका शब्दात देतात: ‘आ-उन्‌नो कोक्यु’, म्हणजे आ-उनचा श्वास.

हा शब्द उलगडायला त्याच देवळाच्या दारात यावं लागतं. जिथे सिंह नाचतो तिथे दोन्ही बाजूंना दगडाचे दोन राखणदार बसलेले असतात. त्यांना ‘कोमाइनु’ म्हणतात, कोरियाचे कुत्रे. पण मुळात त्या जोडीतला एक सिंहच होता. एकाचं तोंड उघडं असतं, दुसऱ्याचं मिटलेलं. उघडं तोंड ‘आ’ म्हणतं, मिटलेलं ‘उन्’. हे दोन उच्चार संस्कृत ‘अ’ आणि ‘हूं’वरून आलेले आहेत. अक्षरांची सुरुवात आणि शेवट, श्वास सोडणं आणि आवरणं. जपानी मुलं आजही अक्षरं शिकताना अ, का, सा, ता, ना याच क्रमाने म्हणतात. तो क्रम बौद्ध भिक्षूंनी संस्कृत वर्णमालेवरून लावला, आणि आपली बाराखडी म्हणणाऱ्या माणसाला तो पहिल्यांदा ऐकताना उगाच घरच्यासारखं वाटतं. एकाचा ‘आ’ संपायच्या आत दुसऱ्याचा ‘उन्’ यावा, इतका दोन माणसांचा मेळ बसला की त्याला आ-उनचा श्वास म्हणतात. कचेरीतल्या जोडीदारांबद्दल आणि म्हाताऱ्या नवरा-बायकोबद्दलही हा शब्द वापरतात. पण त्याचा अर्थ डोळ्यांनी पाहायचा असेल तर तो शिशिमाइत दिसतो. सिंह झोपतो तेव्हा बघावं. बऱ्याच गावांच्या नाचात हा भाग असतो. डोकं हळूहळू जमिनीला टेकतं, कान पडतात, आणि कापडाची पाठ वर-खाली होऊ लागते. झोपलेल्या जनावराचा तो श्वास दोन माणसं मिळून घेत असतात.

मला या नाचातली सर्वांत मोलाची गोष्ट तो मागचा माणूस वाटते. त्याचा चेहरा कोणाला दिसत नाही, टाळ्या पुढच्या डोक्याला मिळतात, आणि संध्याकाळी कंबर त्याची धरलेली असते. गावातली मुलं आधी बासरी शिकतात किंवा सिंहापुढे काठी घेऊन नाचतात. मोठी झाली की कापडाखाली मागे शिरतात. कित्येक वर्षांनी एखाद्याच्या हातात डोकं येतं. ढोलाची शिकवणीही कागदावरून होत नाही. ‘तेन त्सुकु तेन’ असे बोल आधी तोंडाने म्हणून पाठ करतात आणि मग हात चालतो. त्याला ‘कुचि शोगा’ म्हणतात. पखवाज शिकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

सिंह नाचवणं हा ज्यांचा वर्षभराचा उद्योगच आहे, अशी माणसंही आहेत. मिए जिल्ह्यातल्या कुवाना शहरातून ‘इसे दाइकागुरा’ची पथकं निघतात. इसेचं देवस्थान हे जपानमधलं सर्वांत मोठं शिंतो तीर्थ. जुन्या काळात आयुष्यात एकदा तरी इसेला जावं ही प्रत्येकाची ओढ असे. ज्यांना जाणं शक्य नव्हतं त्यांच्या दारी इसेचा देव घेऊन जायचं काम या सिंहवाल्यांनी पत्करलं. प्रत्येक पथकाची गावं आणि घरं ठरलेली असतात. ओसाका, शिगा, ओकायामा, हिरोशिमा अशा पश्चिमेकडच्या जिल्ह्यांत वर्षाच्या ठरल्या दिवशी ते ठरल्या गावात पोहोचतात. घरमालक पूर्वी तांदूळ देत असे, आता पैसे देतो. बदल्यात त्याला देवाचा कागदी ताईत मिळतो. सिंह एका हातात घुंगरांची जुडी आणि दुसऱ्या हातात पांढऱ्या कागदाच्या पट्ट्यांची काठी घेऊन ‘सुझु नो माइ’ नाचतो. आणि मग चुलीची शुद्धी करतो. चुलीत अग्नीचा देव राहतो आणि तो रागावला तर घर जळतं, ही लाकडी घरांत राहणाऱ्या लोकांची जुनी भीती. चूल गेली आणि गॅस आला तरी सिंह येतोच.

ही माणसं फक्त सिंह नाचवत नाहीत. गावच्या देवळात मोठा कार्यक्रम असला की ताटल्या काठीच्या टोकावर फिरवणं, चेंडू आणि काठ्या झेलणं, छत्रीवरचे खेळ असं सगळं होतं. मध्ये एक विदूषक येऊन कसरत करणाऱ्याची थट्टा करतो. शेवटचा प्रवेश ‘रांग्योकु’. यात सिंह जोडीदाराच्या खांद्यावर उभा राहतो आणि उंच उभ्या-उभ्या बायकी किमोनोत छत्रीखाली मिरवणारी नायकीण होतो. खालच्या माणसाचे पाय सावकाश अंगण ओलांडतात. वरच्याचा तोल क्षणभरही ढळत नाही. १९८१ मध्ये जपान सरकारने इसे दाइकागुराला देशाच्या महत्त्वाच्या अमूर्त लोकसांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. दरवर्षी २४ डिसेंबरला वेगवेगळ्या वाटांनी फिरणारी पथकं कुवानातल्या मासुदा देवळात एकत्र येतात आणि वर्षाचा नाच तिथे देवाला वाहतात.

टोयामात चित्र निराळं आहे. तिथे व्यावसायिक कोणी नाही. मासेमार, शेतकरी, दुकानदार आणि कारखान्यात काम करणारी पोरंच सिंह होतात. या एका जिल्ह्यात हजाराच्या घरात शिशिमाइ नोंदले गेले आहेत, म्हणजे जवळजवळ प्रत्येक वस्तीचा आपला सिंह. समुद्रकाठच्या हिमी शहरातल्या सिंहापुढे लाल चेहऱ्याचा, लांब नाकाचा ‘तेंगु’ नाचतो. गिगाकुत सिंहाच्या पुढे चालणारा लांब नाकाचा चिदो आठवतो ना? अभ्यासक या दोघांचं नातं जोडतात. सणाच्या दोन आठवडे आधीपासून रोज संध्याकाळी वस्तीच्या सभागृहात तालीम चालते. सणाच्या दिवशी सकाळी देवापुढे नाचून सिंह घरोघर निघतो. ज्या घरी लग्न झालं आहे, मूल जन्मलं आहे किंवा नवं घर बांधलं आहे तिथे तो जास्त वेळ नाचतो. घराने दिलेली रक्कम ‘हाना’ म्हणजे फूल म्हणून मोठ्याने पुकारली जाते. चाकांच्या गाडीवरचा ढोल पुढे सरकत राहतो, आणि हे रात्र होईपर्यंत चालतं. अगदी शेवटी तेंगु सिंहाला मारतो. दिवसभर ज्याने घरं राखली त्यालाच का मारायचं, हा प्रश्न पडतो. या भागातला सिंह दोन्ही आहे, राखणदारही आणि गावावर येणारं संकटही. इशिकावाच्या कागा भागात तर तलवार, भाला, कोयता-साखळी घेतलेले लढवय्ये सिंहावर चालून जातात. मायेदा घराण्याच्या राजवटीत लोकांनी नाचाच्या नावाखाली शस्त्रविद्या जपली, असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

ईशान्येत, इवाते जिल्ह्यातल्या हायाचिने पर्वताच्या परिसरात सिंहाला कोणी मारत नाही. तिथे सिंहाचं डोकं हाच देव. त्याला ‘गोंगेन-सामा’ म्हणतात. ‘गोंगेन’ म्हणजे तात्पुरतं रूप घेऊन प्रकटलेला देव, म्हणजे आपल्या शब्दात अवतार. या परिसरातल्या देवापुढच्या नाचाचा, म्हणजे हायाचिने कागुराचा, २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत समावेश झाला. रात्रभराच्या नाचांच्या शेवटी गोंगेन-माइ होतो. काळं डोकं दात वाजवत चौफेर फिरतं, तो खटखटाट वाईटाला पळवून लावतो, आणि मग लोक रांगेने डोकं पुढे करतात.

आता या सिंहांना माणसं कमी पडू लागली आहेत. तरुण शिक्षणाला आणि नोकरीला टोकियो-ओसाकाला जातात. जपानात मुलं कमी जन्मतात. खेडी म्हातारी झाली आहेत. जिथे एका कायेखाली आठ जण लागतात तिथे आठ तरुण मिळेनात. गावांनी वाटा शोधल्या. ठरलेली तारीख सोडून सण शनिवार-रविवारी घेतला, म्हणजे शहरात गेलेली पोरं येऊ शकतील. जिथे पूर्वी फक्त मुलगे नाचत तिथे मुलींना ढोल, बासरी आणि सिंहही दिला. काही जुन्या माणसांना हे जड गेलं. माझ्या मते त्यांनी योग्य केलं, कारण मुली नसत्या तर त्या वस्त्यांत सिंह पेटीत पडून राहिला असता. तरीही काही वस्त्यांचे सिंह आज पेटीतच आहेत.

सिंह नसला तर काय बिघडतं, याचं उत्तर मियागी जिल्ह्यातल्या ओनागावाने दिलं. हे मासेमारीचं छोटं शहर. तिथल्या प्रत्येक किनारवस्तीचा आपला सिंह, नाचाला ‘शिशिफुरि’ म्हणतात, आणि जानेवारीत तो घरोघर जातो. ११ मार्च २०११ च्या दुपारी भूकंपानंतर समुद्र आत आला. सुमारे दहा हजार वस्तीच्या त्या गावातली आठशेहून अधिक माणसं गेली. घरं गेली, नावा गेल्या, आणि सिंहांची डोकी, ढोल, बासऱ्याही गेल्या. ताकेनोउरा या वस्तीची वाचलेली माणसं दूर अकिता जिल्ह्यातल्या सेंबोकु इथे एका हॉटेलात आसऱ्याला होती. पुढे काय हे कोणालाच माहीत नव्हतं. तिथे त्यांनी हॉटेलची बसायची उशी घेतली, पायांतल्या स्लिपर घेतल्या, जे हाताला लागलं ते जोडलं आणि सिंहाचं डोकं केलं. आणि ते नाचले.

मी या प्रसंगावर बराच वेळ रेंगाळलो आहे. ती माणसं अन्नासाठी, कपड्यांसाठी रांगेत उभी होती. तशा दिवसांत त्यांना सिंह हवा होता. उशीच्या त्या डोक्याला सोन्याचा वर्ख नव्हता, किरीचं लाकूड नव्हतं, लाख नव्हती. पण पावलं तीच होती, कारण ती पावलं लाटेने नेली नव्हती. पुढच्या काळात देशभरातून मदत आली, खरी डोकी कोरून आली, ढोल आले, आणि किनाऱ्यावरच्या वस्त्यांत सिंह पुन्हा उठला. ओनागावाच नव्हे, त्या किनाऱ्यावरच्या अनेक गावांत घरं बांधून व्हायच्या आधी नाच उभा राहिला. तात्पुरत्या पत्र्याच्या खोल्यांत राहणारी माणसं एका सिंहाभोवती पुन्हा एकत्र जमली आणि कोण उरलं आहे हे त्यांना एकमेकांना पाहून कळलं.

जपानला जाणारे मराठी प्रवासी आता कमी नाहीत. टोकियो, क्योटो, फुजी पर्वत आणि बुलेट ट्रेन सगळे पाहतात. वसंतात किंवा शरदात गेलात तर एक दिवस टोयामाकडे काढा, आणि वर्षअखेरीला गेलात तर २४ डिसेंबरला कुवानाला जा. मासुदा देवळाच्या अंगणात कोणीही उभं राहू शकतं. सिंह जवळ आला तर डोकं खाली करा आणि त्याला चावू द्या. आणि तो पुढे निघाला की त्याच्या मागच्या दोन पायांकडे पाहा.